वडनेरच्या तळ्यावरची हाक

"ताई, मधुकररावांची हाक बंद करावी लागेल," वनाधिकारी तौफिक शेख म्हणाले. "तळ्याचं पाणी विषारी झालंय. हंस उतरले तर मरतील."

निर्मलाबाई मनोऱ्यावरच्या भोंग्याकडे बघत राहिल्या. पक्ष्यांना दिशा कळेनाशी झाल्यापासून हिमालयापलीकडचे हंस माणसाच्या आवाजामागे येत. वडनेरच्या थव्याला अंड्यातून बाहेर पडल्यापासून त्यांच्या नवऱ्याचा, मधुकरचाच आवाज ऐकवला होता. तो वारला, तरी दर हिवाळ्यात वाटेवरच्या मनोऱ्यांवरून त्याची ध्वनिमुद्रित हाक घुमायची.

"दुसरीकडे नाही का बोलावता येणार त्यांना?"

"दुसरं तळं उरलंय कुठं, ताई?"

निर्मलाबाईंनी स्वतःच बटण दाबलं. थवा तेवढ्यात डोंगरावरून येत होता. हाक थांबताच हंस गोंधळले, कलकलाट करत घिरट्या घालू लागले. खाली पाणी दिसत होतं, पण हाकेशिवाय उतरायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. दुपारी थकलेले हंस एकेक करून खडकाळ माळावर कोसळू लागले.

तौफिक मान खाली घालून उभे होते.  निर्मलाबाईंनी भोंगा पुन्हा सुरू केला.

उरलेला थवा आनंदाने ओरडत पाण्यावर उतरला.