तळाचा भात

"सुई कुठं टोचणार?" कुमुदताईंनी डोळे मिटूनच विचारलं. त्यांच्या दिरांच्या लिव्हरचा तुकडा सुईनेच काढला होता.

"सुई नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बरगड्यांवर थंडगार जेल लागलं, मग यंत्राच्या टोकाने टिचक्या मारल्यासारखं झालं. पडद्यावर आकडे आले. "लिव्हरमध्ये चरबी बरीच आहे, पण ते अजून कडक झालेलं नाही. खाण्याकडे लक्ष दिलंत तर सुधारेल."

"आमच्या घरात दारूचा थेंब नाही," वसंतराव घाईने म्हणाले. "आणि ही खाते तरी काय? दीड पोळी! रोज माझ्यासमोरच तर जेवते."

कुमुदताई बरगड्यांवरचं जेल पुसू लागल्या.

दुपारी जेवून, हात धुऊन वसंतराव नेहमीसारखे झोपाळ्यावर जाऊन बसले. चष्मा राहिला म्हणून परत आले, तर कुमुदताई ओट्यापाशी उभ्याने खात होत्या. नातवाने टाकलेली अर्धी पोळी आणि शिऱ्याची खरवड संपली होती. आता पातेल्याच्या तळाचा भात चालला होता.

"अगं, आत्ताच जेवलीस ना?"

"हे काय जेवण आहे? हे नुसतं संपवणं. भांडी घासायला टाकायचीत, आणि अन्न टाकून देववत नाही."

"मग फ्रीजमध्ये ठेव."

"आणि रात्री ते शिळं कोण खाणार? या घरात आजवर कुणी शिळ्याला हात लावलाय?"

वसंतरावांनी त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं. भात डब्यात काढला, झाकण घट्ट लावलं.

"मी खाईन."