सगळ्यात गार जागा

"खोटं बोलू नकोस! लग्नघरी बुंदी खाल्लीस ना?" म्हणत छायाने गौतमीच्या थोबाडीत दिली. नऊ वर्षांची पोर गाल धरून रडत म्हणाली, "तुझ्या गळ्याची शप्पथ आई, एक दाणासुद्धा नाही खाल्ला." छायाला ते पटलं नाही. इन्सुलिन न चुकता टोचूनही पोरीची साखर उतरत नव्हती, मग दुसरं कारण काय असणार?

तिसऱ्या दिवशी गौतमीला धाप लागली, मग ती ग्लानीत गेली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इन्सुलिन कुठे ठेवता?"

"आता फ्रीजमध्ये," छाया जरा तोऱ्यातच म्हणाली. इतके दिवस ते ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात राहायचं. तिचे हाल बघून भावाने गेल्याच आठवड्यात जुना फ्रीज आणून दिला होता. "तेसुद्धा वर, बर्फाच्या कप्प्यात. टोचायच्या आधी बाटली मुठीत धरून वितळवते मी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, ते प्रोटीन असतं. गोठलं की त्याची आतली घडी मोडते, ती पुन्हा बसत नाही. वितळल्यावर दिसतं औषधासारखंच, पण लागू पडत नाही. तुम्ही पोरीला नुसतं पाणी टोचत होतात."

छाया धडपडत खाटेपाशी गेली. लेकीच्या कानाशी वाकून म्हणाली, "नव्हतीस गं खाल्ली तू बुंदी. खरं बोलत होतीस."

गौतमीने ओ दिली नाही. तेव्हा छायाने तेच पुन्हा, आणखी मोठ्याने सांगितलं.