मिस्टर पिंकसचा आवाज

"व्हॉल्यूम," म्हाताऱ्यानं दुरुस्त केलं. "खालचा ओठ दातांना टेकला पाहिजे, मॅडम. तुमचा टेकत नाही."

मैत्रीनं टेपरेकॉर्डरचं बटण फिरवलं. तासाभरात तिचा उच्चार सुधारायची ही त्याची चौथी खेप होती. त्र्याण्णव वर्षांचा हा माणूस अमेरिकेतल्या हर्नडन गावाजवळच्या वृद्धाश्रमात निळा कोट आणि गळ्याला रेशमी रुमाल बांधून बसला होता. जणू कुणी त्याला पुन्हा रेडिओवर बोलावणार होतं. उच्चार मात्र असे की प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवलेला. मैत्रीला त्या इस्त्रीचीच शिसारी आली.

ती युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात जुन्या रेकॉर्डी जतन करायच्या विभागात होती. विभागाकडे याच्या अकरा रेकॉर्डी आल्या होत्या, १९२२ ते २६ मधल्या. मूळ नाव मेंडेल शाफ्रान, लिथुआनियातून आलेला ज्यू. रेकॉर्डींवर तो 'मिस्टर पिंकस' व्हायचा. पिंकस कोट परत करायला दुकानात जातो, पिंकस टेलिफोनवर घरमालकाशी भांडतो, आणि त्याचं मोडकंतोडकं, हेलकावे खाणारं इंग्रजी ऐकून अख्खी अमेरिका हसते. पुढं रेकॉर्डी खपेनाशा झाल्या. मग हे गृहस्थ मार्टिन शेफर्ड झाले आणि व्हर्जिनियातल्या एका रेडिओ स्टेशनवर पस्तीस वर्षं बातम्या वाचत बसले. तो पिंकस होता हे तिथं कुणालाच कळलं नाही.

सकाळी निघताना तिचा नवरा प्रफुल्ल म्हणाला होता, "फार ग्रिल करू नकोस यार त्याला. वय झालंय."

"वय झालं म्हणून माफी मिळते का?" मैत्री म्हणाली होती.

तिच्याकडे कारण होतं. नागपूरच्या इंदोरा वस्तीतून ती पुण्याला कॉलेजात आली, त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये एका मुलानं वस्तीतल्या बाईची नक्कल केली होती. "मले काय मालूम, बापा" म्हणत पदर खोचून तो स्टेजभर फिरला. हॉल हसून लोळला. मैत्रीची आई तशीच बोलायची. परक्या कुणी केलं असतं तर तिनं ते सोसलं असतं. पण तो मुलगा इंदोऱ्यातलाच होता, तिच्या घराच्या मागच्या गल्लीतला. आपल्याच माणसांना परक्यांच्या हसण्यासाठी असं ताटात वाढून देणाऱ्यांबद्दल तेव्हापासून तिच्या मनात दयामाया नव्हती.

तिनं कोटाची रेकॉर्ड पुन्हा लावली. खरखरीतून पिंकस ओरडायला लागला. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता.

"तुमच्या लोकांना काय वाटायचं?" तिनं विचारलं.

"माझा मामा रस्ता ओलांडून पलीकडं जायचा. माझं तोंड बघायला नको म्हणून."

"बरोबरच केलं त्यांनी."

म्हाताऱ्यानं तिच्या मांडीवरच्या वहीकडं बोट केलं. "माझ्याबद्दल तुम्ही तिथं काय लिहिलंय?"

मैत्रीनं लपवलं नाही. रेकॉर्डींसोबत कायम राहणारी नोंद तिनं कालच लिहून ठेवली होती. ती तिनं सावकाश वाचून दाखवली. "'स्वतःच्याच समाजाच्या बोलण्याची टिंगल करून नाव कमावलेला नकलाकार. पुढे सोयीनं नाव आणि आवाज दोन्ही बदलले.'"

"वाक्यं छान आहेत," तो म्हणाला. "वाचताना शेवटी आवाज खाली आणा."

आता मात्र तिचा तोल गेला. "करून दाखवा ना तो पिंकस. आत्ता, इथं, माझ्यासमोर. बघू तरी कसा जमतो."

तो सरसावून बसला. रुमाल सैल केला. कोटाची पहिली ओळ म्हटली. मग दुसरी. ऐकवेना. एखाद्या गोऱ्या साहेबानं पार्टीत दोन पेग झाल्यावर ज्यूची नक्कल करावी तसं ते होतं, ओबडधोबड आणि क्रूर. तिसऱ्या ओळीला तो अडखळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला आणि थांबला.

"रेकॉर्डवर तर किती बेमालूम जमलीय नक्कल," मैत्री म्हणाली. आवाजातला तिरस्कार तिनं जराही झाकला नाही.

त्यानं सैल केलेला रुमाल पुन्हा नीट बांधला.

"या देशात येऊन मला दोन वर्षं झाली होती," तो म्हणाला. "मी रेकॉर्ड कंपनीत गेलो ते गंभीर इंग्रजी नाटकातलं एक भाषण म्हणायला. सहा महिने पाठ केलं होतं. राजा मुलाच्या प्रेतापाशी बसून बोलतो, ते. मी आवाज टिपणाऱ्या भोंग्यासमोर उभा राहून म्हणायला लागलो. काचेपलीकडची माणसं हसायला लागली. मला वाटलं, यंत्र बिघडलंय, म्हणून मी आणखी मोठ्यानं म्हटलं. एकजण तर जमिनीवर बसला हसून हसून. मग मालक आले. त्यांनी ते कोटाचं लिहिलेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आता हे वाच, फक्त बोलण्यात काही बदलू नकोस."

मैत्रीचं पेन वहीवर तसंच टेकून राहिलं.

"तिथं मी नक्कल केलेलीच नाही, मॅडम," म्हातारा आपल्या स्वच्छ, इस्त्रीच्या इंग्रजीत म्हणाला. "तेव्हा मी तसाच बोलायचो. नक्कल ही आहे, जी तुम्ही सकाळपासून ऐकताय."