सोपं काम

घरबसल्या डॉक्टरांकडे नंबर लावायचं अ‍ॅप बनवणाऱ्या त्या ऑफिसात ती एकटीच डिझायनर होती. बटणं मोठी करा, चुकून भलतंच दाबलं गेलं तर मागे फिरता येऊ द्या, आजारी माणसाला सगळं पुन्हा पहिल्यापासून भरायला लावू नका, असं ती रोज भांडायची. प्रोग्रामर हसायचे.

"चित्रं काढायला तुझं काय जातंय? एकदा कोड लिहून बघ, म्हणजे कळेल."

ते तिच्या जिव्हारी लागलं. ती हट्टाला पेटून कोडिंग शिकली, आणि अशी शिकली की थट्टा करणारेच अडलं की तिच्याकडे येऊ लागले. होता होता अख्खं अ‍ॅप तिच्या हाती आलं. आता कशाला किती कोड लागेल हे तिला चित्र काढायच्या आधीच दिसायचं, आणि जे किचकट असेल ते ती काढायचीच नाही. कामं वेळेत होऊ लागली, भांडणं मिटली, साहेब खूश झाले.

एका रविवारी बाबा डॉक्टरांकडे नंबर लावायला फोनवर तिचंच अ‍ॅप उघडून तिच्याशेजारी बसले. कंपवाताने त्यांचं बोट थरथरत होतं. ते भलत्याच बटणावर पडायचं आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं.

"मागे जाता येत नाही का गं यात?"

"त्याला फार खटाटोप लागतो, बाबा. तुम्हीच जरा नीट दाबा ना."

"हो, माझंच चुकतंय," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी आपलं मनगट घट्ट धरलं.