मधली खुर्ची

"इथं कोनी हाय का?" शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवत एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं.

"हाय. येऊन राह्यले ते," वर्षाली म्हणाली आणि तिचे कान तापले. खुर्चीवर तिची पर्स होती, पर्सला टेकून पॉपकॉर्नचा पुडा. दुसरा पुडा मांडीवर. येणार कुठून? नवऱ्याचं, रोहितचं, वर्षश्राद्धसुद्धा अजून व्हायचं होतं.

तिकीटबारीवर तोंडातून 'दोन' निघालं ते सवयीनं, असं तिनं मनाला पटवलं होतं. पण पॉपकॉर्नचं काय? ते काही चुकून झालं नव्हतं. बायकोच्या पुड्यात हात घालायची रोहितला भारी खोड, म्हणून दोन लागायचे. त्यातही इंटरव्हलनंतर स्वारी हमखास झोपायची, आणि उरलेला सिनेमा घरी जाताना गाडीवर तिच्याकडून ऐकायची.

आज घरी तिनं दाढ दुखते म्हणून सांगितलं होतं. सासू पार्बताबाई जठारपेठेतल्या दुकानात झेंडूचे हार ओवत बसलेली, आणि सून भरदुपारी टॉकीजमध्ये! शेजारच्या पायलनं सांगितलं होतं, या सिनेमात मेलेला नवरा परत येतो. तेवढ्यासाठीच ती आली होती. आल्यावर तो काय बोलतो, ते तिला ऐकायचं होतं.

पडद्यावर तो आला. धूर, वारा, विझणारे दिवे, सगळा खोटा थाट. पण आल्यावर त्यानं बायकोला एवढंच विचारलं, "खाना खाया?"

वर्षालीनं ओढणी तोंडात कोंबली. तरी हुंदका बाहेर आलाच.

इंटरव्हलचे दिवे लागले. पुढच्याच ओळीतली एक बाई पदरानं नाक पुसत उठली आणि मागे वळली. पार्बताबाई! बोटं झेंडूनं पिवळी झालेली.

वर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासू तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दाढ काढली काय वं?"

वर्षालीची मान वर होईना. "आई... अन् दुकान?"

"बंद करून आली." आता पार्बताबाईचीही नजर खाली गेली. "पायलनं मलेबी सांगतलं."

मग सासूनं खुर्चीकडे पाहिलं. "अन् इथं कोन हाय?"

"कोनी नाई. बसा नं तुमी." वर्षालीनं घाईघाईनं पर्स आणि पुडा उचलला. उचलला मात्र, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. आपणच रोहितला दंडाला धरून उठवलं, असं तिला वाटलं.

पार्बताबाईनं सुनेच्या हातातले दोन पुडे पाहिले. दिवे मालवले तशी तिनं लुगड्याचा घोळ आवरला, अंग चोरलं आणि बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांपुढून जावं तशी त्या खुर्चीपुढून आडवी सरकत पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"आई, रिकामीच हाय ते."

"राहू दे." पार्बताबाईनं तिच्या हातातला एक पुडा घेतला आणि मधल्या खुर्चीवर हळूच परत ठेवला. "इंटरव्हल झाला का झोपते तो. धक्का नको लावू त्याले."