नऊ महिन्यांनंतरची जाई

दवाखान्याच्या भिंतीवर यंत्रानं पाडलेली उजेडाची एक जाई खो-खो खेळत होती. खाटेवरच्या जाईचा गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"ही नऊ महिन्यांनंतरची तू," डॉक्टर साबळे म्हणाले. "नवं लिगामेंट बसवलं की अशी पळशील. यंत्राचा अंदाज सहसा चुकत नाही."

भिंतीवरची जाई वाऱ्यासारखी आली, पण खांबाला वळसा घालताना तिचं पाऊल आखडलं.

"कचरली की हो ती!" खाटेवरची जाई म्हणाली.

"गुडघा पक्काच आहे. ती भीती यंत्रानं तुझ्या आजच्या मनातून उचललीय."

प्रशिक्षक शेवंताबाईंनी तिला डिवचलं, "मग काय गं, सोडायचा का संघ?"

जाईनं डोळे पुसले. "हात् बाई! नऊ महिने आहेत ना? त्या भित्रीला पाठलाग करून बाद करते की नाही, बघाच!"