एक केस

"मनवा, एक केस दे गं."

हितेंद्र खिडकीशी उभा होता. गालांवर साबणाचा फेस, खिडकीच्या गजाला अडकवलेला चामड्याचा पट्टा, हातात उघडा वस्तरा. त्याच्याकडच्या सात जुन्या वस्तऱ्यांतला हा शेवटचा. गिरगावातलं एक सलून बंद झालं तेव्हा तिथून आणलेला, शिंगाच्या मुठीचा. तीन रविवार तो दगडावर घासत बसला होता. आज धार आली असं त्याला वाटत होतं. पण दाढीला लावण्याआधी बघायची त्याची रीत ठरलेली. केस चिमटीत धरायचा, लोंबता सोडायचा, पात्यावर टेकवायचा. धार असली तर केस आपसूक तुटतो. नसली तर वाकतो.

"फणीत असेल, घे ना," मनवा म्हणाली. ती खाली बसून राघूला नाचणीची पेज भरवत होती.

या घरात केसांना काय तोटा! राघू तीन महिन्यांचा झाला आणि तिचे केस गळायला लागले. उशीवर केस, वरणात केस, राघूच्या मुठीत केस. मोरीच्या जाळीवर रोज एक गुंता. डॉक्टर म्हणाली, बाळंतपणानंतर होतं असं, थांबेल. कधी, ते काही बोलली नाही. पहिला गुंता हातात घेऊन मनवा रडायला लागली तेव्हा हितेंद्र म्हणाला होता, "टाकू नकोस हां. मला धारेला लागतात."

आज बारा वाजता दादरच्या पार्लरमध्ये तिची वेळ होती. कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत करायचे. उद्यापासून ऑफिस. रोज थोडे थोडे जाताना बघायचे, त्यापेक्षा एकदाचे गेलेले बरे.

"फणीत नाहीये," हितेंद्र म्हणाला.

"काळ्या फणीत काळा केस. तुला दिसणार आहे का? आण इकडे."

तिने फणी उजेडात धरली. मग अंबाडा सोडला आणि फणी डोक्यातून खाली ओढली. एकदा. मग मानेपासून. मग डाव्या बाजूने, जिथे भांग रुंद झाला होता तिथून. फणी पुन्हा उजेडात धरली.

"लवकर गं, फेस सुकतोय."

तिने राघूला त्याच्या पायाशी बसवलं आणि मोरीत गेली. सकाळीच न्हाली होती ती. जाळीवर साबणाचं पाणी होतं, नारळाची एक शेंडी होती. तिने बोटाने जाळी चाचपली. वाकून परत चाचपली.

बाहेर आली ती हळूहळू, ओली बोटं तशीच पुढे धरून.

"काय गो? काय झाला?" सासूबाई नारळ खवत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नाहीत."

"काय नाहीत?"

"केस."

मनवाच्या केसांना लावायची कांद्याच्या रसाची वाटी अजून ओट्यावर झाकून ठेवली होती. सासूबाईंनी वाटीकडे बघितलं, मग मनवाच्या पाठीवर मोकळ्या पडलेल्या केसांकडे.

हितेंद्रला उशिरा कळलं. कळल्यावर तो नुसताच हसत उभा राहिला, फेसातून दात दिसत होते.

"मग आता?" त्याने वस्तरा वर धरला. "मला एक लागेल ना."

"उपट," मनवा म्हणाली आणि त्याच्यासमोर मान वाकवली. "घे. किती दिवसांनी उपटावा लागतोय."

त्याने वस्तरा मिटून खिडकीत ठेवला. तिच्या डोक्यावर हात नेला, एक केस वेगळा केला, चिमटीत धरला. धरूनच राहिला.

"अरे, ओढ की."

"दुखेल तुला."

"वस्तरा गळ्यावरून फिरवतोस तेव्हा हात कापत नाही, आणि..."

"खबरदार!" सासूबाई उठल्या. पदराला हात पुसत पुढे आल्या आणि लेकाच्या मनगटावर चापट मारली. "आताशी खंय थांबले हत! त्यांका हात लावशीत तर बघ." त्यांनी आपल्या अंबाड्यात बोटं घातली, डोळाही न मिटता एक पांढरा केस ओढून काढला. "ह्यो घे. माझो घे."

हितेंद्रने वस्तरा उघडला. पांढरा केस पात्यावर टेकला आणि आवाज न करता अर्धा खाली गेला.

"बापरे," तो म्हणाला. सासूबाई परत खोबऱ्याकडे गेल्या.

मनवाने राघूला उचलून कडेवर घेतलं आणि पार्लरला फोन लावला.

"आज नाही जमणार."

"चालेल मॅडम. मग कधीची वेळ देऊ?"

तेवढ्यात राघूने तिच्या मोकळ्या केसांची बट पकडली आणि सगळा जोर लावून ओढली. "आई गं!" मनवा ओरडली. फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून तिने त्याचं एकेक बोट उकललं. आधी करंगळी, शेवटी अंगठा.

मूठ रिकामी होती.